रेडिओ ऑटोमेशन: स्वतः जुळवायचं की कंपनीकडून बसवून घ्यायचं? नाशिकला सिंहस्थाआधी ठरवावं लागेल

प्रयागराजच्या महाकुंभासाठी आकाशवाणीने १० जानेवारी २०२५ ला ‘कुंभवाणी’ नावाचं खास एफएम केंद्र सुरू केलं होतं, १०३.५ मेगाहर्ट्झवर. स्नानाचं धावतं वर्णन, भाविकांसाठी सूचना असं सगळं त्यावर होतं. आता पाळी नाशिक-त्र्यंबकेश्वरची. ३१ ऑक्टोबर २०२६ ला ध्वजारोहण, २ ऑगस्ट २०२७ ला पहिलं अमृतस्नान, ३१ ऑगस्टला दुसरं आणि तिसरं नाशिकला ११ सप्टेंबरला, त्र्यंबकेश्वरला १२ ला. रस्ते, घाट, पार्किंग यांच्यावर भरपूर चर्चा होते. रेडिओवर फारसं कोणी बोलत नाही, म्हणून हा लेख.

“रेडिओ? आत्ता?” असं तुमच्या मनात आलं असणार. पण थोडा विचार करा. रामकुंडाच्या आसपास लाखो लोक जमले की प्रत्येक फोन टॉवरकडे आपापला वाटा मागतो. टॉवरची क्षमता ठरलेली असते, त्यामुळे गर्दी वाढली की कॉल लागत नाही आणि व्हॉट्सअॅपवर ते एकच घड्याळाचं चिन्ह फिरत राहतं. २०२३ मध्ये सगळ्यांचे फोन एकदम मोठ्याने वाजून सरकारचा चाचणी संदेश आला होता, आठवतं? ती सेल ब्रॉडकास्टची सोय या गर्दीतही चालते, पण चार ओळींचा मजकूर पाठवण्यापुरतीच. “अमुक घाट बंद आहे, तमुक बाजूने जा, घाबरू नका” हे माणसाच्या आवाजात, आपल्या भाषेत, पुन्हा पुन्हा सांगायचं तर रेडिओच हवा. ट्रान्समीटर एक, ऐकणारे दहा असोत की दहा लाख, त्याला काहीच फरक पडत नाही. २७ ऑगस्ट २००३ ला नाशिकच्या कुंभात चेंगराचेंगरीत ३९ भाविक गेले. त्या शहराला हे वेगळं सांगायला नको.

आणि हो, तुमच्या फोनमध्ये एफएमची चिप असू शकते. एप्रिल २०२३ मध्ये केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने मोबाइल कंपन्यांना ही सोय बंद करू नका अशी सूचनाही दिली होती. वायरवाले इअरफोन लावा, ती वायरच अँटेना होते. डेटा लागत नाही.

म्हणजे लहान, स्थानिक रेडिओ केंद्रांना या काळात खरं काम आहे. आणि त्या केंद्रांच्या व्यवस्थापकांकडून मला वारंवार येणारा प्रश्न असा: चोवीस तास कार्यक्रम वाजवणारी ऑटोमेशन सिस्टीम आपल्याच पोरांकडून फुकटच्या सॉफ्टवेअरवर करून घ्यावी, की कंपनीला पैसे देऊन बसवून घ्यावी?

ऑटोमेशन म्हणजे नुसती प्लेलिस्ट नव्हे

स्पॉटिफायवर तुम्ही प्लेलिस्ट लावता आणि एकामागून एक गाणी वाजतात. एखादं गाणं अडकलं तर तुम्ही पुढचं दाबता. रेडिओ केंद्रात पुढचं दाबायला बरेचदा कोणी नसतं. रात्री साडेअकराला कुलूप लागतं आणि सकाळी सहापर्यंत कॉम्प्युटरच केंद्र चालवतो.

शिवाय वेळेचं बंधन असतं. कम्युनिटी रेडिओला बातम्या द्यायच्या असतील तर त्या आकाशवाणीच्याच द्याव्या लागतात, स्वतःच्या करता येत नाहीत. आकाशवाणीचं बुलेटिन तुमचं गाणं संपायची वाट बघत नाही. म्हणून सिस्टीमला आधीपासून हिशेब करावा लागतो की बुलेटिनला चार मिनिटं दहा सेकंद उरलीत, पाच मिनिटांचं गाणं आता सुरू करायचं नाही, तीन मिनिटांचं घ्यायचं आणि उरलेल्या वेळात केंद्राची ओळखधून आणि एक सूचना बसवायची.

नाशिकचंच उदाहरण घ्या. विश्वास ज्ञान प्रबोधिनी आणि संशोधन संस्थेचं ‘रेडिओ विश्वास’ ९०.८ एफएम. कोरोनात शाळा बंद पडल्या तेव्हा, २०२० च्या जूनमध्ये, त्यांनी जिल्हा परिषद आणि महापालिका शाळांच्या मुलांसाठी ‘शिक्षण सर्वांसाठी’ सुरू केलं. तिसरी ते दहावीचे धडे शिक्षकांच्या आवाजात. ज्या घरात एकच फोन आणि तोही वडिलांबरोबर कामावर जातो, तिथल्या मुलांपर्यंत ते पोचलं. आठव्या राष्ट्रीय कम्युनिटी रेडिओ पुरस्कारांत या केंद्राला दोन पुरस्कार मिळाले, त्यातला एक याच कार्यक्रमासाठी. आता यात ऑटोमेशनचं काम काय असतं ते बघा: पाचवीचं गणित ठरलेल्या वेळेलाच लागलं पाहिजे. दहा मिनिटं उशिरा लागलं तर ते मूल रेडिओ बंद करून खेळायला गेलेलं असतं. यूट्यूबसारखं मागे नेऊन ऐकता येत नाही.

तिसरी गोष्ट नोंदींची. प्रसारित झालेलं सगळं तीन महिने जपून ठेवणं परवान्याच्या अटींत आहे. आणि जाहिरात खरंच कधी वाजली याची सेकंदापर्यंतची यादी असल्याशिवाय बिल निघत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये नवी मार्गदर्शक तत्त्वं आली, त्यात कम्युनिटी रेडिओची जाहिरातीची मर्यादा तासाला ७ मिनिटांवरून १२ मिनिटं झाली आणि सरकारी जाहिरातीचा दर १० सेकंदांना ५२ वरून ७४ रुपये. बारा मिनिटं म्हणजे दहा सेकंदांचे ७२ तुकडे, म्हणजे तासाला जास्तीत जास्त ५,३२८ रुपये. एवढ्या जाहिराती कुठल्याच लहान केंद्राला मिळत नसतात ही गोष्ट वेगळी. पण ज्या मिळतात त्यांची नोंद सिस्टीमने गाळली तर ते पैसे गेलेच.

स्वतः जुळवायचं म्हणजे नेमकं काय

आधी एक गैरसमज काढून टाकू. स्वतः बनवता येतो तो स्टुडिओच्या आतला भाग. ट्रान्समीटर आणि अँटेनाला परवाना लागतो आणि तिथे प्रयोग करायचे नसतात. बिहारमधल्या राघव महतोने अगदी थोड्या पैशांच्या सुट्या भागांतून ‘राघव एफएम मन्सूरपूर १’ उभं केलं होतं, गावाला ते प्रचंड आवडत होतं, तरी २००६ मध्ये परवाना नाही म्हणून ते बंद झालंच.

स्टुडिओच्या आत मात्र मोकळं रान आहे. ‘रिव्हेंडेल’ ही लिनक्सवर चालणारी, खुल्या कोडची पूर्ण ऑटोमेशन सिस्टीम आहे, अमेरिकेतली व्यावसायिक केंद्रंही ती वापरतात. ‘रेडिओडीजे’ विंडोजवर चालतं, फुकट आहे आणि शिकायला सोपं. ‘लिब्रेटाइम’ ब्राउझरमधून चालवता येतं. फक्त इंटरनेट रेडिओ करायचा असेल तर ‘अझुराकास्ट’ एका संध्याकाळी उभं राहतं, तुमच्या कॉलेजच्या रेडिओला तेवढं पुरे. एक बरा कॉम्प्युटर, एक चांगलं साउंड कार्ड, यूपीएस, दोन हार्ड डिस्क. एवढ्यात भागतं.

यात आपल्या लोकांना हमखास नडते ती गोष्ट परदेशी माहितीपत्रकांत सापडणार नाही: देवनागरी. जुन्या पद्धतीने उभारलेला डेटाबेस लॅटिन अक्षरांसाठी लावलेला असतो. त्यात ‘आरोग्य संवाद भाग ३’ असं नाव भरलं की स्क्रीनवर नुसती प्रश्नचिन्हं येतात. डेटाबेस सुरुवातीलाच युनिकोडवर घेतला तर हा त्रास होत नाही. नंतर दुरुस्त करायला गेलात तर जे अक्षर प्रश्नचिन्ह झालं ते परत येत नाही, नावं पुन्हा टाइप करावी लागतात. यावर बरीच केंद्रं सगळी नावं इंग्रजी लिपीत लिहून पळवाट काढतात. मग एकाने विठ्ठल एका स्पेलिंगने लिहिला, दुसऱ्याने दुसऱ्या, आणि आषाढीला शोधायला गेलं की अर्धे अभंग सापडत नाहीत. जुनं साहित्य एखाद्या युनिकोडपूर्व मराठी फाँटमध्ये असेल तर आणखी एक जन्म घ्यावा लागतो. विकतच्या सिस्टीममध्येही हे होऊ शकतं, म्हणून विक्रेत्याला प्रात्यक्षिकाच्या वेळी पहिलंच काम सांगा: देवनागरी नावाची फाइल टाकून, शोधून, वाजवून दाखवा.

पैसे दिल्यावर काय मिळतं

व्यावसायिक सिस्टीमच्या जाहिरातीत वैशिष्ट्यांची लांबलचक यादी असते. खरं सांगायचं तर त्यातली बहुतेक फुकटच्या सॉफ्टवेअरमध्येही आहेत. गाण्यांचा आवाज एकसारखा करणं, गाण्याचा शेवट आणि पुढची सुरुवात एकमेकांत मिसळणं, निवेदन आधी रेकॉर्ड करून दोन गाण्यांच्या मधे बसवणं, हे सगळीकडे होतं.

पैसे खरे जातात ते दोन गोष्टींना. एक म्हणजे जोडणी: मिक्सर, ऑटोमेशन, आणीबाणीचा स्विच, ट्रान्समीटर हे सगळं नीट वायरिंग करून, अर्थिंग तपासून, कागदावर नकाशा काढून देणं. आपल्याकडे आवाजात येणारी घूं घूं बहुतेक वेळा सॉफ्टवेअरची नसते, अर्थिंगची असते. पोरं ती आठवडाभर सेटिंगमध्ये शोधत बसतात आणि जाणकार माणूस तासाभरात पकडतो. दुसरी म्हणजे वार्षिक देखभाल करार. केंद्र बंद पडलं की फोन करायचा आणि समोरच्याने उचलायचा.

उचलायचा, यावर मी जोर देतो. करारात ‘कामकाजाच्या दिवशी, कामकाजाच्या वेळेत’ असं लिहिलेलं असतं हे किती जण वाचतात? केंद्र बंद पडतं ते शनिवारी रात्री. शिवाय अशा सिस्टीम बरेचदा डोंगलवर चालतात, म्हणजे यूएसबीला लावलेली छोटी किल्ली. ती खराब झाली की गाणी आहेत, कॉम्प्युटर आहे, सगळं आहे आणि केंद्र मुकं. एक जादा डोंगल करारातच मागून घ्यावी.

आणखी एक ताजी अडचण. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार थांबवला. काही वर्षांपूर्वी बसवलेल्या कितीतरी सिस्टीम त्यावरच चालतात आणि जुने कॉम्प्युटर विंडोज ११ घेत नाहीत. कंपनी म्हणते नवा कॉम्प्युटर घ्या, मग सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती घ्या. माझं म्हणणं असं की प्रसारणाचा कॉम्प्युटर इंटरनेटपासून तोडून ठेवला आणि त्यात पेनड्राइव्ह लावायला मनाई केली तर लगेच घाबरायचं कारण नाही. फक्त तो खरंच तोडलेला हवा. निवेदक रात्री त्याच कॉम्प्युटरवर मॅच बघत असेल तर नाही चालणार.

बनवणारा गेला की?

आता मुख्य मुद्दा. स्वतः जुळवलेल्या सिस्टीमचं काय होतं हे मी जवळून पाहिलंय. शेवटच्या वर्षाला असलेला एखादा हुशार मुलगा सगळं उभं करतो, छान चालतं. जूनमध्ये त्याला हिंजवडीत नोकरी लागते. पासवर्ड त्याच्या डोक्यात, वायरिंग त्याच्या डोक्यात, आणि “रात्री बारानंतर ते लाल बटण दाबायचं नाही” हे का, तेही त्याच्याच डोक्यात. सहा महिने केंद्र त्याला व्हिडिओ कॉल करून चालतं. मग तो बेंगळुरूला जातो आणि त्याचं काम वाढतं. यात त्याची काहीच चूक नाही.

विकतचं घेतलं म्हणून हा प्रश्न सुटत नाही, फक्त त्याचं रूप बदलतं. दिल्लीच्या ‘ग्रामवाणी’ने भारतातल्या कम्युनिटी रेडिओंसाठीच ‘ग्रिन्स’ नावाची सिस्टीम बनवली होती, ऑटोमेशनला श्रोत्यांचे फोन कॉल जोडणारी. त्यामागे २००८ चा नाइट न्यूज चॅलेंज पुरस्कार होता. आपल्या गरजेला इतकं नेमकं बसणारं दुसरं काही त्या वेळी नव्हतं. पुढे संस्थेचा भर ‘मोबाइल वाणी’कडे, म्हणजे थेट फोनवर ऐकायच्या सेवेकडे गेला. संस्थेच्या दृष्टीने ते योग्यच होतं. पण ज्याने बनवलं त्याचं लक्ष दुसरीकडे जाऊ शकतं, हे केंद्राने पहिल्या दिवसापासून धरून चालायला हवं.

खुल्या कोडचा फायदा इथे दिसतो. ‘एअरटाइम’ या सिस्टीमची मोफत आवृत्ती मागे पडायला लागली तेव्हा वापरणाऱ्यांनीच तिचा कोड घेऊन २०१७ मध्ये ‘लिब्रेटाइम’ सुरू केलं. कंपनीचं बंद सॉफ्टवेअर असं उचलून नेता येत नाही. मात्र कोड खुला आहे एवढ्यावर नाशिकमधल्या केंद्राचं रात्रीचं प्रसारण सुरू होत नाही. तो कोड ज्याला वाचता येतो असा माणूस हाकेच्या अंतरावर लागतो.

मायनॉटची रात्र

हे सगळं बाजूला ठेवलं तरी ऑटोमेशनबद्दल एक प्रश्न उरतो, आणि तो अमेरिकेतल्या मायनॉट या गावाने जगाला दाखवून दिला. १८ जानेवारी २००२, रात्री दीडच्या पुढे, कडाक्याची थंडी. नॉर्थ डकोटातल्या या गावाबाहेर मालगाडी घसरली आणि अमोनियाचा ढग घरांवर आला. एक माणूस दगावला, शेकडो लोकांना त्रास झाला. पोलिसांना रेडिओवरून सांगायचं होतं की घराबाहेर पडू नका. गावातली सहाही व्यावसायिक केंद्रं एकाच कंपनीची होती. पोलिसांच्या म्हणण्यानुसार त्यांना केंद्रात कोणाशी संपर्कच करता आला नाही. कंपनीचं म्हणणं होतं की केंद्रात माणूस होता, फोन लोकांच्या कॉलनी जाम झाले होते आणि पोलिसांनी आणीबाणीचं यंत्र नीट वापरलं नाही. वाद पुढे वर्षानुवर्षं चालला.

मला त्यात कोण खरं हे ठरवायचं नाही. माझ्या दृष्टीने महत्त्वाचं हे की तिथे सिस्टीम बंद पडली नव्हती. ती व्यावसायिक होती, महागडी होती आणि तिला दिलेलं काम चोख करत होती. तिला मधेच थांबवून बोलायची वाट ऐन वेळी कोणाला सापडली नाही.

मग नाशिकमध्ये काय करावं

कम्युनिटी रेडिओची ताकद सहसा १०० वॅटपर्यंतच असते, म्हणजे साधारण दहा-पंधरा किलोमीटर. नाशिक शहरातलं केंद्र सुमारे २८ किलोमीटरवरच्या, मधे डोंगर असलेल्या त्र्यंबकेश्वरला पोचेल असं धरू नये. शहर, रामकुंड, तपोवन, बाहेरचे रस्ते एवढा त्याचा संसार. तेवढ्यासाठी माझं मत असं: सगळं एकाच पद्धतीने घेऊ नका. गाणी आणि कार्यक्रम वाजवणारं सॉफ्टवेअर खुल्या कोडचं घ्या आणि स्वतः उभारा. तिथे काही बिघडलं तर एक गाणं चुकीचं लागेल, एवढंच. पण वायरिंग, अर्थिंग, ट्रान्समीटरपर्यंतची जोडणी, शांतता ओळखणारं यंत्र आणि आणीबाणीचा स्विच हे पैसे देऊन, जाणकाराकडून, बिल घेऊन.

शांतता ओळखणारं यंत्र म्हणजे ठरावीक सेकंद आवाज आला नाही की आपोआप दुसऱ्या स्रोतावर जाणारा डबा. दुसरा स्रोत साधा पेनड्राइव्हवाला प्लेअरही चालतो, फक्त त्यात नुसती भजनं न ठेवता मराठी आणि हिंदीत नेहमीच्या सूचना भरलेल्या असाव्यात. हे काम सॉफ्टवेअरकडे देऊ नका. कॉम्प्युटर गोठला हे त्याच कॉम्प्युटरवरचा प्रोग्राम कसा सांगणार? आणीबाणीचा स्विचही असाच, हाताने दाबायचा. दाबला की ऑटोमेशन बाजूला आणि माइक थेट ट्रान्समीटरवर. पासवर्ड नाही, माऊस नाही. वॉचमनलाही जमलं पाहिजे.

आणि दोन माणसं. एक नाही, दोन, दोघंही नाशिकमध्ये राहणारी, त्यातला निदान एक विद्यार्थी नसलेला. रोजच्या कामाची आणि बिघाडाची वही मराठीत, कागदावर, रॅकला दोरीने बांधलेली. यात खर्च जवळपास शून्य आहे, तरी सगळ्यात आधी टाळली जाते ती हीच गोष्ट. दोन माणसं मिळतच नसतील तर माझा सल्ला उलटा होईल: कर्ज काढून का होईना, पूर्ण सिस्टीम कंपनीकडून घ्या आणि करारात स्नानाच्या तिन्ही तारखांना त्यांचा माणूस शहरात हजर राहील असं लिहून घ्या.

काय निवडलं हे एकदा ठरलं की २०२६ च्या पावसाळ्यात, वीज जायच्या दिवसांत, एक तालीम करता येईल. पहाटे तीनला, कोणाला न सांगता, कॉम्प्युटरची वायर काढायची. दुसरा स्रोत किती सेकंदांत सुरू झाला ते घड्याळात बघायचं. मग जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कक्षाशी आधी बोलून ठेवलेल्या माणसाने केंद्राच्या नंबरवर फोन करायचा आणि “रामकुंडाकडचा रस्ता बंद” ही चाचणी सूचना द्यायची, ‘ही तालीम आहे’ असं सांगून. फोन उचलल्यापासून ते वाक्य तुमच्या फोनच्या एफएमवर ऐकू येईपर्यंत किती मिनिटं गेली, ते वहीत लिहायचं. पाचच्या वर गेली तर पुढच्या आठवड्यात पुन्हा.